मध्यार्जुनची गादी आणि तंजावरचे दप्तर

कुंभकोणमहून मायावरमच्या वाटेवर आठ-नऊ किलोमीटर गेले की तिरुविडैमरुदूर हे क्षेत्र लागते. येथील महालिंगस्वामींच्या देवळात एक धातूची दीपलक्ष्मी आहे. तमिळमध्ये अशा मूर्तीस ‘पावै विळक्कु’ म्हणतात. ओंजळीत दिवा धरून देवापुढे उभी असलेली ही स्त्री काल्पनिक नव्हे. मूर्तीवरील तमिळ लेखात तिचे नाव अम्मुनु अम्मणी असे असून, प्रतापसिंहाशी आपला विवाह व्हावा म्हणून तिने लक्षदीपांचा नवस केला, तो फेडताना स्वतःलाही दीपरूपाने देवापुढे उभे केले, असा आशय आहे. लेखाचा काळ शके १७७५, म्हणजे इ. स. १८५३.

हा प्रतापसिंह कोण? तंजावरच्या गादीवर बसलेला त्या नावाचा राजा १७६३ मध्येच निवर्तला होता. लेख त्यानंतर नव्वद वर्षांनी कोरलेला. तेव्हा येथे दुसरा प्रतापसिंह मानणे भाग आहे, आणि तो शोधू गेल्यास आपण भोसले घराण्याच्या त्या शाखेपाशी येतो, जिचे नाव मराठी वाचकाच्या कानावर क्वचितच पडते.

स्थळनामाविषयी दोन शब्द येथेच सांगावेत. तमिळ ‘मरुदु’ म्हणजे अर्जुनवृक्ष, आणि ‘इडै’ म्हणजे मध्य. उत्तरेस श्रीशैलाचा मल्लिकार्जुन, दक्षिणेस तिरुप्पुडैमरुदूरचा पुटार्जुन आणि या दोहोंमधील हे मध्यार्जुन, अशी क्षेत्रपरंपरा आहे. संस्कृत ग्रंथांत म्हणूनच हे गाव मध्यार्जुन या नावाने ओळखले जाते, आणि कागद चाळणाऱ्याने दोन्ही नावे लक्षात ठेवणे इष्ट.

दुसऱ्या तुळजाजीराजाने १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी सरफोजीस दत्तक घेतले. परंतु कंपनी सरकारने पंडितांची मते मागवून ते दत्तविधान अग्राह्य ठरवले आणि तुळजाजीचा सावत्र भाऊ अमरसिंह यास गादीवर बसवले. पुढे अन्य ठिकाणच्या पंडितांनी उलट मत दिले. शास्त्र तेच, विधान तेच. निर्णय मात्र बदलला, आणि १७९८ मध्ये अमरसिंहास पदच्युत करून सरफोजी राजा झाला. पुढील वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला, सरफोजीस वार्षिक एक लाख होन व वसुलाचा पाचवा हिस्सा मिळू लागला, आणि अमरसिंहास पंचवीस हजार होनांची नेमणूक झाली. ती घेऊन तो तिरुविडैमरुदूर येथे राहिला व १८०२ मध्ये तेथेच वारला.

यानंतर अवघ्या वर्षभराने, १३ डिसेंबर १८०३ रोजी, तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीच्या आज्ञेने भोसलेवंशाचा प्रदीर्घ मराठी इतिहास शिळेवर कोरला गेला. मराठीतील सर्वांत मोठा शिलालेख म्हणून त्याचा गौरव होतो, आणि तो यथार्थ आहे. परंतु वाचताना एवढे विसरू नये की, तो वारसाच्या वादात विजयी झालेल्या पक्षाचा लेख आहे. अमरसिंहाची बाजू मांडू शकेल असा पाषाण तिरुविडैमरुदुरास नाही. त्या बाजूचा मागोवा घ्यावयाचा तर कागदांकडेच वळावे लागते.

ते कागद मुख्यत्वे तंजावरच्या सरस्वती महालात आहेत. १९१८ मध्ये सर्वांस खुला झालेला हा संग्रह आपल्याकडे नाटकांच्या पोथ्यांसाठी, शहाजीराजाच्या रचनांसाठी आणि सरफोजीच्या ‘देवेंद्र कुरवंजी’साठी प्रसिद्ध आहे. पण ग्रंथांच्या शेजारीच मोडी कागदांचे सुमारे ८५० रुमाल आहेत. कोठीचे जमाखर्च, अन्नछत्रांचे हिशेब, नाटकशाळेचा खर्च, यात्रांची व्यवस्था, नेमणुका, पत्रव्यवहार असे त्यांचे स्वरूप. ग्रंथ राजाने काय लिहविले ते सांगतो. रुमाल राजवाड्यात काय घडले ते सांगतो, तेही कोणास काही सांगावे असा हेतू न धरता. हेतूचा हा अभाव म्हणजेच त्यांची विश्वसनीयता होय, असे आम्ही मानतो.

हे रुमाल वाचणे सोपे नाही. मोडी येणाऱ्यासही दक्षिणेकडील वळण, आखूड केलेले शब्द आणि मराठी वाक्यात बेमालूम मिसळलेले तमिळ शब्द अडवतात. काळ सुहूर सनात, अरबी संख्यावाचकांनी दिलेला आढळतो. उदाहरणार्थ, ‘सलास तिसैन मया व अलफ’ म्हणजे तीन, नव्वद, शंभर आणि हजार, एकूण ११९३. सुहूर वर्ष मृगनक्षत्राच्या सुमारास सुरू होत असल्याने जूनपासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढील महिन्यांत ६०० मिळवावे लागतात. म्हणजे हे वर्ष इ. स. १७९२-९३ होय. याच वर्षी, १७९३ च्या आरंभी, बालक सरफोजीस अमरसिंहाच्या अमलातून काढून मद्रासेस नेण्यात आले. एका वर्षाची चूक झाली तर कोणता हुकूम या घटनेपूर्वीचा आणि कोणता नंतरचा, हेच उलटसुलट होईल.

तंजावरबाहेरही दोन ठिकाणे आहेत. मद्रास सरकारचे जुने दप्तर आज चेन्नईत एग्मोर येथील तमिळनाडू अभिलेखागारात आहे. त्यात कंपनीची दृष्टी दिसते, आणि अमरसिंहाचा सरखेल शिवराव तेथे बहुधा आरोपी म्हणूनच भेटतो. दुसरे ठिकाण अनपेक्षित आहे. तरंगमबाडी १८४५ पर्यंत डेन्मार्ककडे होती. तंजावरच्या दरबाराशी तिचा सततचा संबंध असल्याने मोडी कागद थेट डेन्मार्कात पोहोचले. एलिझाबेथ स्ट्रँडबर्ग या विदुषीने ते १९८३ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. मोडी वाचनाची शिस्त शिकण्यासाठी हे पुस्तक मराठी अभ्यासकानेही हाताशी ठेवावे.

आणि तरीही या शाखेच्या घरगुती जीवनाची सर्वांत जिवंत आठवण राहिली ती मराठी दप्तरात नव्हे, तर तमिळ गायकांच्या मुखी. १८५५ मध्ये दुसरा शिवाजी निपुत्रिक वारला व तंजावरचे संस्थान खालसा झाले. त्याच वर्षी जन्मलेले महामहोपाध्याय उ. वे. स्वामिनाथ अय्यर पुढे कुंभकोणमच्या महाविद्यालयात तमिळचे अध्यापक झाले. जुन्या गवयांकडून ऐकलेले त्यांनी टिपून ठेवले. घनम् कृष्ण अय्यर यांस तिरुविडैमरुदूरच्या दरबाराचा आश्रय होता, आणि ‘नंदनार’ चरित्राचे कर्ते गोपालकृष्ण भारती यांनी तेथीलच रामदास नावाच्या गवयाकडून हिंदुस्थानी संगीत आत्मसात केले, ही माहिती त्या परंपरेतून आपणास मिळते. राज्य गमावलेल्या घरात उत्तरेचे गाणे होते, व ते तमिळ कीर्तनात उतरले. गाणे कोणी आणले, गवयास वेतन काय, हे विचारू लागलो की पुन्हा हिशेबाच्या रुमालांकडेच यावे लागते.

तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांचे तमिळ भाषांतर टिपांसह १९८९ मध्ये तीन खंडांत काढले. त्यापूर्वी, १९८४ मध्ये, के. एम. वेंकटरामय्या यांनी या कागदांच्या आधारे मराठा राजवटीतील राज्यव्यवहार व समाजजीवन यांवर विस्तृत ग्रंथ लिहिला होता. परिणामी आज मराठीत लिहिलेले हे दप्तर तमिळ वाचकास अधिक सुलभ झाले आहे, आणि आपल्या पूर्वजांचा जमाखर्च समजून घेण्यास मराठी अभ्यासकास आधी तमिळ शिकावे लागते. त्यात गैर काही नाही. अम्मुनु अम्मणीनेही आपला नवस तमिळमध्येच कोरविला होता.