पुडिंगची जन्मकथा : कोथळ्यातून मेजवानीच्या टेबलावर

पुडिंग म्हटले की लग्नाच्या स्वागत समारंभातील काचेची वाटी डोळ्यांसमोर येते. त्यात थरथरणारा, गोड, पिवळसर पदार्थ असतो. हा साहेबलोकांचा पदार्थ, श्रीमंतांच्या जेवणाचा शेवट, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. परंतु भगिनींनो, या पदार्थाची जन्मकथा ऐकाल तर आश्चर्य वाटेल. पुडिंगचा जन्म राजवाड्यात झालेला नाही. तो झाला जनावराच्या आतड्यात आणि कोथळ्यात. शिवाय ते पहिले पुडिंग गोड नव्हते. त्यात रक्त होते, चरबी होती, मीठ होते.

रक्ताचे पुडिंग

पुडिंग या इंग्रजी शब्दाचा संबंध अनेक अभ्यासक फ्रेंच भाषेतील ‘बुदँ’ या शब्दाशी जोडतात. बुदँ म्हणजे रक्त भरून शिजवलेले आतडे. हा पदार्थ फार प्राचीन आहे. होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यात बोकडाचे कोथळे रक्त आणि चरबीने भरून विस्तवावर ठेवल्याचा उल्लेख येतो, आणि तेथे तो झुंज जिंकणाऱ्याला मिळणारा बक्षिसाचा पदार्थ आहे. रोमन काळातील पाककृतींच्या संग्रहातही भरलेल्या आतड्यांचे प्रकार आढळतात.

हा पदार्थ निर्माण होण्यामागे साधा व्यवहार आहे. युरोपात हिवाळ्यात जनावरांना पुरेल इतका चारा नसे. त्यामुळे थंडी पडण्यापूर्वी घरातील डुक्कर किंवा अन्य जनावर कापत. मांस खारवून, धुरी देऊन महिनोन्‌महिने टिकवता येई. रक्त मात्र सर्वांत आधी नासते. ते फेकून देणे गरिबाला परवडणारे नव्हते. म्हणून त्यात धान्य, चरबी, कांदा, मीठ, मसाला घालायचा, धुतलेल्या आतड्यात भरायचे, दोन्ही टोके बांधायची आणि हलक्या आचेवर उकडायचे. मांसाचे चांगले तुकडे धन्याच्या ताटात जात. रक्त आणि आतडी राबणाऱ्याच्या वाट्याला येत.

आज या रक्ताच्या पुडिंगचे गावोगाव वेगळे प्रकार आहेत. इंग्लंडमधील बरी हे शहर ‘ब्लॅक पुडिंग’साठी प्रसिद्ध आहे. स्कॉटलंडमध्ये त्यात ओट घालतात. स्पेनमधील बुर्गोस येथे तांदूळ घालतात. कोरियात ‘सुंदे’ नावाच्या प्रकारात रक्ताबरोबर शेवया भरतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर स्टॉर्नोवे नावाचे गाव आहे. तेथील ब्लॅक पुडिंगला २०१३ साली युरोपीय संघाने भौगोलिक संरक्षण दिले. आपल्याकडे नागपूरच्या संत्र्याला किंवा महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला जसे मानांकन मिळाले, तसाच हा मान. तो मिळाला रक्ताच्या पदार्थाला.

वजडीचा मान

हॅगिस हेही पुडिंगच्या कुळातले. मेंढीचे काळीज, फोफसे आणि हृदय बारीक करून त्यात ओट, कांदा, चरबी आणि मिरी मिसळतात व मेंढीच्याच कोथळ्यात भरून उकडतात. म्हणजे आपल्या वजडीचेच भावंड. शेतकरी कुटुंबात जन्मलेला स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स याने १७८६ साली या हॅगिसवर एक कविता लिहिली आणि त्याला साऱ्या पुडिंगांचा नायक ठरवले. परदेशी पक्वान्नांवर वाढलेल्यांपेक्षा हे खाणारा कष्टकरी अधिक बळकट, असे त्याने ठणकावून सांगितले. बर्न्सच्या जन्मदिवशी, २५ जानेवारीला, आजही स्कॉटिश लोक जगभर मेजवानी भरवतात. हॅगिस वाजतगाजत टेबलावर आणतात, ती कविता म्हणतात आणि मगच सुरी लावतात. जे गरिबाचे खाणे होते तेच एका राष्ट्राचा अभिमान झाले. पदार्थ तोच राहिला. त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलली.

फडक्याने केलेली क्रांती

आतड्याची एक अडचण होती. जनावर कापले तरच आतडे मिळणार, आणि ते स्वच्छ करण्याचे काम किचकट. सतराव्या शतकात इंग्लंडमधील गृहिणींमध्ये एक साधी युक्ती रूढ झाली. ओल्या फडक्याला पीठ चोळायचे, त्यात मळलेला गोळा बांधायचा आणि उकळत्या पाण्यात सोडायचा. आता पुडिंग वर्षाच्या कोणत्याही दिवशी करता येऊ लागले. ज्या घरात एकच भांडे आणि एकच चूल, त्या घरात त्याच भांड्यात एकीकडे मांस, एकीकडे भाजी आणि मधोमध पुडिंगची पुरचुंडी शिजू लागली.

या गोळ्यात जनावराच्या गुर्द्याभोवतीची कडक चरबी किसून घालत. ही चरबी लोण्यापेक्षा उशिरा वितळते. तोपर्यंत भोवतीचे पीठ आवळून घट्ट होते, मग चरबी वितळून तिथे बारीक पोकळ्या राहतात. म्हणून पुडिंग हलके होते. गरिबाच्या घरी हा गोळा मांसाच्या आधी वाढत, म्हणजे पोट भरे आणि थोडके मांस सर्वांना पुरे. १७४७ साली हॅना ग्लास या बाईंनी आपल्या पाकपुस्तकात ‘यॉर्कशायर पुडिंग’ दिले. मैदा, दूध आणि अंडी यांचे हे फुगणारे पुडिंग गोड नसते. भाजणाऱ्या मांसाखाली भांडे ठेवून, गळणाऱ्या चरबीत ते करत. त्याचाही उद्देश हाच. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ सालच्या ‘ख्रिसमस कॅरल’ या कथेत एका गरीब कारकुनाच्या घरी सणाचे पुडिंग कपडे धुण्याच्या हंड्यात शिजते आणि घरात धुण्याच्या दिवसासारखा वास सुटतो. त्या कुटुंबाला त्या लहानशा पुडिंगचा केवढा अभिमान!

गोडवा कुठून आला?

मग पुडिंग गोड केव्हा झाले? साखर स्वस्त झाली तेव्हा. ती स्वस्त झाली, कारण आफ्रिकेतून पकडून नेलेले गुलाम वेस्ट इंडीज बेटांवरील उसाच्या मळ्यांत राबत होते. ब्रिटिश संसदेने गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ साली केला. तोवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजांच्या टेबलावरील गोडव्यामागे गुलामांचा घाम आणि रक्त होते. पूर्वीच्या पुडिंगात रक्त दिसत तरी होते. या नव्या पुडिंगात ते दिसेनासे झाले, इतकाच फरक.

१८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने मक्याच्या पिठापासून कस्टर्ड पावडर तयार केली. त्याच्या पत्नीला अंडे सोसत नसे, म्हणून त्याने बिनअंड्याचा उपाय शोधला. आज आपल्या घरात फळांच्या कस्टर्डसाठी जी पावडर वापरतो, तिचे मूळ पत्नीच्या पथ्यात आहे.

१९२७ साली ब्रिटिश सरकारच्या एका मंडळाने राजघराण्याच्या आचाऱ्याकडून ‘साम्राज्याचे ख्रिसमस पुडिंग’ तयार करवून घेतले. ऑस्ट्रेलियाचे मनुके, झांझिबारची लवंग, जमैकाची रम असे साम्राज्यातील देशोदेशीचे जिन्नस एका भांड्यात आणून त्यांची जाहिरात केली. गरिबाचा गोळा आता साम्राज्याचे निशाण झाला होता.

आपल्या चुलीवर

त्याच १९२७ सालच्या मार्च महिन्यात, १९ आणि २० तारखेला, महाडला परिषद भरली होती. तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मृत जनावराचे मांस आणि दारोदार मागितलेले शिळेपाके तुकडे सोडा, असे सांगितले. कारण त्या खाण्याला गावकीच्या लाचारीचा दोर बांधलेला होता. तो दोर तोडणे हा स्वाभिमानाचा प्रश्न होता, आणि आपल्या आजी-पणजींनी तो तोडला. हे ऋण आपण विसरता कामा नये.

पण लाचारी सोडणे वेगळे आणि आपल्या आजीच्या हाताच्या चवीची लाज वाटणे वेगळे. बोकड कापला की त्याचे रक्त भांड्यात धरायचे, मीठ घालून गोठू द्यायचे, उकडून वड्या पाडायच्या आणि कांदा-लसूण-मिरचीवर परतायच्या, ही रक्ती महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत अनेक घरांना माहीत आहे. चार पाहुणे आले की मात्र तिचे नावही काढायचे नाही, हा आपला रिवाज. ब्लॅक पुडिंग विलायतेत हॉटेलातल्या न्याहारीला मिळते, आणि आपली रक्ती झाकून ठेवायची! शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग समाजांचे खाणेपिणे न लाजता नोंदवले. २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवादही आला. असे लेखन आणखी व्हायला हवे. रक्ती कोणी खावी, कोणी खाऊ नये, कोणी शीलपालन म्हणून मांसाहारच वर्ज्य करावा, हा ज्याचा त्याचा विचार आहे. मात्र खाणाऱ्याला त्यावरून हलके लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही.

विज्ञानाला असा भेदभाव कळत नाही. अंड्याचे पुडिंग घट्ट होते ते अंड्यातील प्रथिने उष्णतेने गोठतात म्हणून. व्यालेल्या गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस अंड्यावाचून घट्ट होतो, कारण चिकात मुळातच भरपूर प्रथिने असतात. आणि उकडताना रक्ती घट्ट होते तीही प्रथिनांमुळेच. तिन्हींची रीत एक. एकाला मेजवानी, दुसऱ्याला नवलाई आणि तिसऱ्याला नाक मुरडणे, हे माणसांनी ठरवले.

इंग्रज ज्याला तांदळाचे पुडिंग म्हणतात ती आपली खीर. सुजाताने सिद्धार्थ गौतमांना बोधिप्राप्तीपूर्वी खीर दिली, असे बौद्ध परंपरा सांगते. बुद्धपौर्णिमेला विहारात आपण खीरदान करतो ते तिच्याच स्मरणार्थ. तेव्हा पुडिंग आपल्याला परके नाही.

घरी करून पहा : पावाचे पुडिंग

साहित्य : कालचे उरलेले ४ पाव, दूध अर्धा लिटर, अंडी ३, साखर ८ चमचे, थोडे जायफळ, मूठभर मनुके.

कृती : कुकरमध्ये बसेल अशा डब्यात ३ चमचे साखर आणि १ चमचा पाणी घालून मंद आचेवर तांबूस होऊ द्या. डबा फिरवून हा पाक तळाशी पसरवा व थंड करा. कोमट दुधात पाव कुस्करून १५ मिनिटे भिजवा. अंडी व उरलेली साखर फेटून त्यात मिसळा. दूध गरम असेल तर अंडे फुटते, हे ध्यानात ठेवा. जायफळ, मनुके घाला. मिश्रण डब्यात ओतून घट्ट झाकण लावा. कुकरमध्ये पाणी घालून शिटी न लावता ३०-३५ मिनिटे वाफवा. सुरी घालून पहा, स्वच्छ निघाली की झाले. पूर्ण गार झाल्यावर ताटलीत उलटा.

पाव कालचा असला तरी तो आपल्या कष्टाचा आणि आपल्या घरचा आहे, तेव्हा त्यात कमीपणा नाही. मुलांना वाढताना पुडिंगची ही जन्मकथाही सांगा. आजीच्या चुलीवर काय शिजत होते, तेही सांगा. ताठ मानेने सांगा.