बल्लारपूर कोणी वसविले?

वर्धेकाठचा किल्ला दाखवून लोक सांगतात, बल्लारपूर गोंड राजांनी वसविले. खरेच आहे, पण राजधानी पुढे चंद्रपुरास गेली. आजचे शहर वाढले ते कोळशाच्या खाणीमुळे आणि 1945 साली निघालेल्या कंपनीच्या पेपर मिलमुळे. मिलला बांबू लागे, तो गडचिरोलीच्या रानांतून जाई. मग कोयत्याने बांबू तोडणारा आपला आदिवासी त्या शहराचा संस्थापक नव्हे काय? ब्राझीलने 1960 साली ब्राझीलिया ही नवी राजधानी थाटात उघडली. ती बांधणाऱ्या मजुरांना मात्र 1958 मध्येच दूर तागुआतिंगास हलविले होते.

आम्ही युनियनवाल्यांनीही, कबूल करतो, मिलमधला कामगार मोजला, रानातला राहिला. बांबू विकण्याचा ग्रामसभेचा हक्क लेखा-मेंढ्यास प्रत्यक्ष मिळाला तो 2011 साली, वनहक्क कायद्याला पाच वर्षे झाल्यावर.