सेलिब्रिटीच्या निधनाची बातमी खरी की अफवा? फॉरवर्ड करण्याआधी असं तपासा

२३ नोव्हेंबर २०२२ ची रात्र अनेकांना आठवत असेल. ज्येष्ठ अभिनेते विक्रम गोखले गेले, अशी बातमी मोबाइलवर येऊ लागली. काही नामवंत कलाकारांनी श्रद्धांजलीची ट्विट्स केली, वेबसाइट्सनी बातम्या लावल्या, स्टेटसला फोटो लागले. प्रत्यक्षात गोखले तेव्हा पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात व्हेंटिलेटरवर होते. ते गंभीर आहेत, पण हयात आहेत, हे त्यांच्या पत्नीला आणि मुलीला माध्यमांना सांगावं लागलं. नंतर रुग्णालयाने प्रकृतीत थोडी सुधारणा असल्याचं कळवलं. २६ नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं.

घरातला माणूस अतिदक्षता विभागात असताना सांत्वनाचे फोन येणं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा. म्हणूनच आज बघूया, अशी बातमी पसरते कशी आणि ती तपासायची कशी.

एकाच बातमीचे दहा पुरावे कसे दिसतात?

समजा, एका ओळखीच्या चेहऱ्याने श्रद्धांजलीची पोस्ट टाकली. त्या पोस्टवरून एक वेबसाइट बातमी करते, तिच्यावरून दुसरी. कोणीतरी विकिपीडियावर मृत्यूची तारीख घालून येतं. लोक नाव सर्च करू लागले की ते ट्रेंडिंगमध्ये जातं आणि मग उरलेल्या वेबसाइट्सही घाईघाईने बातमी लावतात. तुम्हाला वाटतं दहा ठिकाणी आलंय म्हणजे खरंच असणार. पण दहाही जण एकाच पोस्टकडे बोट दाखवत असतात. हा पुरावा एकच, आणि तोही ऐकीव.

१७ ऑगस्ट २०२० ला 'डोंबिवली फास्ट'चे दिग्दर्शक निशिकांत कामत यांच्याबाबत हेच झालं. हैदराबादच्या रुग्णालयात ते व्हेंटिलेटरवर असतानाच निधनाच्या बातम्या सुरू झाल्या. ते अजून झुंज देत आहेत, असं रितेश देशमुख यांना ट्विट करून सांगावं लागलं. कामत त्याच दिवशी दुपारी गेले. 'शेवटी बातमी खरीच ठरली ना' असं म्हणणारे भेटतात. पण मधल्या त्या काही तासांत ती खोटीच होती.

आपण विश्वास का ठेवतो?

मी किहीमला राहतो. आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मांडव्याची बोट बंद आहे का, लाइट कधी येणार, अलिबागला जाणारी गाडी कोणाची, हे सगळं कळतं आणि ते बहुतेक वेळा बरोबर असतं. कारण सांगणारा माणूस जेटीवर उभा असतो. तोच माणूस रात्री एखाद्या नटाच्या निधनाचा मेसेज टाकतो, तेव्हा आपण तितकाच विश्वास ठेवतो. पण या वेळी तो जेटीवर नाहीये! त्यालाही तो मेसेज दुसऱ्याच ग्रुपवरून आलेला असतो. माणूस विश्वासाचा असला, तरी बातमी त्याने बघितलेली नसते.

तपासायचं कसं?

१. दुहेरी बाण बघा. व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर दोन बाण दिसले, तर तो पाच किंवा जास्त वेळा फॉरवर्ड होत तुमच्यापर्यंत आलाय. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. मात्र कोणी मजकूर कॉपी-पेस्ट केला, तर बाण गायब होतात. म्हणजे बाण नाही म्हणून मेसेज खरा, असं नाही.

२. दुजोरा कोणी दिला? बातमी पूर्ण वाचा. कुटुंबीय, रुग्णालय किंवा अधिकृत प्रवक्ता यांचं नाव हवं. 'सूत्रांच्या माहितीनुसार' किंवा नुसती श्रद्धांजली म्हणजे दुजोरा नव्हे.

३. तपशील आहेत का? कुठे, किती वाजता, अंत्यदर्शन कधी? हे काहीच नसेल, तर थांबा.

४. विकिपीडियाचा इतिहास उघडा. प्रत्येक लेखाला 'इतिहास' हा टॅब असतो. मृत्यूची तारीख काही मिनिटांपूर्वीच घातलेली असेल आणि सोबत संदर्भ नसेल, तर ती धरू नका.

५. फोटो-व्हिडिओ तपासा. गूगल लेन्सने जुना फोटो पकडता येतो. क्लिप असेल तर पूर्ण व्हिडिओ शोधा. ६ फेब्रुवारी २०२२ ला शिवाजी पार्कवर लता मंगेशकर यांच्या अंत्यदर्शनाला शाहरुख खानने दुआ मागून फुंकर घातली, तर तो थुंकला असं म्हणत क्लिप फिरवली गेली.

६. 'शेवटचा व्हिडिओ बघा' अशा लिंक उघडू नका. गाजलेल्या मृत्यूचा फायदा फसवणूक करणारेही घेतात. ॲप डाउनलोड करायला सांगितलं, तर लगेच बाहेर पडा.

बातमी खरी असली तरी

सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर जून २०२० मध्ये पार्थिवाचे फोटो फिरू लागले, तेव्हा महाराष्ट्र सायबरला ते पसरवू नका असं बजावावं लागलं. पुढे त्यांच्या नावाने बनावट ट्विट्स दाखवल्याबद्दल वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने 'आज तक'ला १ लाख रुपयांचा दंड केला. वाहिनीला निदान दंड तरी होतो. आपल्या ग्रुपवर मात्र ते काम ॲडमिनलाच करावं लागतं.

चुकीचं फॉरवर्ड झालंच तर?

साधारण दोन दिवसांत 'डिलीट फॉर एव्हरीवन' करता येतं. पण पुढे गेलेल्या प्रती त्याने पुसल्या जात नाहीत. म्हणून त्याच ग्रुपवर स्पष्ट लिहा: 'मघाची बातमी चुकीची आहे, पुढे पाठवू नका.' गुपचूप डिलीट करण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, कारण ज्यांनी वाचलंय त्यांना खरं कळतं.

आणि काहीच कळत नसेल, तर तासभर थांबा. श्रद्धांजली उशिरा वाहिली म्हणून कोणाचं काही बिघडत नाही.