बिल्डरचे शेअर पडले म्हणजे स्वस्त झाले का? पैसे टाकण्याआधी कंपनीचं कर्ज बघा

परवा बाजाराच्या दिवशी कृषी सेवा केंद्रावर बसलो होतो. गावातला एक पोरगा आला, नात्यानं पुतण्याच लागतो. रस्त्याच्या कामात त्यांची सव्वा एकर जमीन गेली, मोबदला खात्यावर जमा झालाय. मोबाइल पुढं धरून म्हणाला, "काका, हे बघा. ४०० चा शेअर ९० वर आलाय. बिल्डर कंपनी आहे, हजारो कोटींची जमीन आहे. जमीन काय कधी बुडते का? पाच लाख टाकू का?"

मेसेज व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरून आलेला. खाली लिहिलेलं, 'घरांची मंदी संपली की दहापट.' असे मेसेज आता आपल्या तालुक्यात बऱ्याच जणांच्या मोबाइलवर येतात. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ. घरांच्या मंदीत बिल्डरचे शेअर घेऊन लोकांनी पैसा कमावलाय हे खरं आहे. पण त्याच मंदीत, तोच विचार करून, लोकांचा पूर्ण पैसा गेला हेही तितकंच खरं आहे. दोघांत फरक कशाचा होता, ते बघायचं.

व्हॅल्यू इन्व्हेस्टिंग म्हणजे काय

रुपयाची वस्तू आठ आण्याला घ्यायची आणि बाजाराला तिची खरी किंमत कळेपर्यंत थांबायचं, एवढाच या शब्दाचा अर्थ. अमेरिकेतले बेंजामिन ग्रॅहम आणि त्यांचे विद्यार्थी वॉरन बफे यांनी ही पद्धत नावारूपाला आणली. आपल्याला ही नवी नाही. आवक वाढून तुरीचा भाव पडला की ज्याच्या हातात पैसा आहे तो व्यापारी माल भरून ठेवतो, तसंच हे.

पण व्यापारी पोत्यात हात घालून माल बघतो. भाव पडलाय तो आवकेमुळं, की माल भिजलाय म्हणून, हे तपासतो. शेअर घेताना आपण नेमकं तेच विसरतो. नुसता भाव बघतो.

आणि एक साधं गणित. १०० चा शेअर ८० टक्के पडला की २० वर येतो. "आता अजून किती पडणार?" म्हणून आपण घेतो. तो २० चा शेअर आणखी ८० टक्के पडला की ४ रुपये राहतात. किती पडलाय यावरून पुढं किती पडणार हे कळत नाही.

बिल्डरचे शेअर एवढे का आपटतात

बिल्डरचा धंदा आपल्या उसासारखा आहे. आधी पैसा घालायचा, पीक उशिरा हातात येतं. जमीन घ्यायची, परवानग्या काढायच्या, बांधायचं, विकायचं, यात चार-पाच वर्षं जातात. हा पैसा बराचसा कर्जाचा असतो. तेजीत घरं बांधायच्या आधीच विकली जातात, गिऱ्हाइकाच्या पैशातच काम चालतं. मंदी आली की गिऱ्हाईक थांबतं, पण व्याज थांबत नाही. अर्धवट इमारत विकली जात नाही आणि पुरी करायला पैसा नसतो.

तीन कंपन्या, तीन गती

२००७ साली आपल्या देशात बिल्डर कंपन्यांचे आयपीओ जोरात आले. डीएलएफनं जूनमध्ये ५२५ रुपयांना शेअर विकून ९ हजार कोटींच्या वर रक्कम उभी केली. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनातलं मोठं नाव असलेल्या एचडीआयएलनं जुलैमध्ये ५०० रुपयांना शेअर दिले. युनिटेक आधीपासून बाजारात होतीच. जानेवारी २००८ मध्ये डीएलएफ १,२०० च्या वर, एचडीआयएल १,००० च्या वर आणि युनिटेक ५०० च्या वर होता. त्यानंतर जगभर मंदी आली. २००९ च्या सुरुवातीला डीएलएफ दीडशेच्या आसपास आला आणि युनिटेक ३० च्या आसपास.

समजा, त्या वेळी कुणी हिंमत करून हे शेअर घेतले. पुढं काय झालं?

युनिटेक काही महिन्यांतच १०० च्या आसपास गेला. घेणारे खूश. पण कंपनीवर कर्जाचा डोंगर होता. त्यात ती घरं सोडून मोबाइलच्या धंद्यात शिरली होती. ते परवाने २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केले. हजारो लोकांची घरं अडकली. शेवटी जानेवारी २०२० मध्ये कोर्टाच्या परवानगीनं केंद्र सरकारला कंपनीचं व्यवस्थापन ताब्यात घ्यावं लागलं. तेव्हा शेअर १ रुपयाच्या आसपास होता. ज्यांनी ३० ला 'स्वस्त' म्हणून घेऊन धरून ठेवला, त्यांचे शंभरातले तीन-चार रुपये उरले.

एचडीआयएल ऑगस्ट २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पुढच्याच महिन्यात पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, कारण बँकेच्या कर्जातला निम्म्याहून जास्त पैसा याच गटाला दिलेला होता. सुरुवातीला ठेवीदारांना सहा महिन्यांत फक्त १ हजार रुपये काढायची मुभा होती. रांगा लावून रडणारी माणसं आपण टीव्हीवर बघितली. त्यातल्या कित्येकांनी आयुष्यात कधी शेअर घेतला नव्हता.

डीएलएफ टिकली. दीडशेचा शेअर २००९ मध्येच ४०० च्या वर गेला, पण नंतर परत घसरत २०१६ च्या सुरुवातीला १०० च्या खाली आला. म्हणजे मंदीच्या तळाला घेतलेलाही सात वर्षांनी तोट्यात. पुढं २०१७ मध्ये मालकांनी भाड्याच्या इमारतींच्या कंपनीतला आपला हिस्सा विकला, त्यातली मोठी रक्कम मूळ कंपनीत घातली आणि कर्ज उतरवत आणलं. २०२४ च्या तेजीत शेअर ८००-९०० पर्यंत गेला. तळाला घेऊन पंधरा वर्षं थांबलेल्याचे पाच-सहा पट झाले. पण २००८ मध्ये १,२०० ला घेतलेल्याला २०२४ च्या तेजीतही आपला भाव परत मिळाला नाही.

जमीन बुडत नाही, मग कंपनी कशी बुडते?

पुतण्याचा प्रश्न हाच होता. उत्तर आपल्याला पाठ आहे. शेतकऱ्याची जमीन जागेवरच असते, पण सावकाराचं देणं डोक्यावर बसलं की ती मिळेल त्या भावात विकावी लागते. बिल्डरचंही तेच.

समजण्यासाठी दोन कंपन्या धरू. दोघींकडं जमीन आणि अर्धवट घरं मिळून १,००० कोटींची मालमत्ता. दोघींचे १० कोटी शेअर.

पहिलीवर कर्ज ७०० कोटी. मालकांचं उरतं ३०० कोटी, म्हणजे शेअरमागं ३० रुपये. याला म्हणतात बुक व्हॅल्यू, म्हणजे कागदावरची किंमत. बाजारात शेअर १५ ला मिळतोय. दिसायला निम्म्या किमतीत. पण मंदीत मालमत्तेचा भाव २० टक्के पडला तर १,००० चे ८०० होतात. कर्ज ७०० च राहतं. उरले १०० कोटी, शेअरमागं १० रुपये. १५ चा शेअर स्वस्त नव्हता, महाग होता. भाव ३० टक्के पडला तर हातात शून्य. शिवाय ७०० कोटींवर १२ टक्क्यांनी वर्षाला ८४ कोटी व्याज. काम दोन वर्षं अडकलं तर तेवढ्यातच १६८ कोटी गेले.

दुसरीवर कर्ज फक्त १०० कोटी. शेअरमागं ९० रुपये. भाव २० टक्के पडला तरी ७० उरतात. हा शेअर ५०-६० ला मिळत असेल तर त्याला स्वस्त म्हणता येईल. व्याजाचा बोजा नाही, त्यामुळं ही कंपनी चांगला भाव येईपर्यंत थांबू शकते. उलट पहिलीची जमीन पडत्या भावात विकतही घेऊ शकते.

कंपनी बुडाली की पैसा वाटपाची पंगत बसते. बँका आणि घर घेणारे आधी जेवतात, शेअरवाला शेवटी. बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत काही येतच नाही.

अमेरिकेत इसारावर टिकलेली कंपनी

अमेरिकेत २००५ मध्ये वर्षाला २० लाखांवर घरांची कामं सुरू होत होती. २००९ मध्ये हा आकडा साडेपाच लाखांवर आला. अनेक बिल्डर दिवाळखोरीत गेले. बिल मिलर नावाचे नावाजलेले फंड मॅनेजर होते. २००५ पर्यंत सलग १५ वर्षं त्यांच्या फंडानं बाजारापेक्षा जास्त परतावा दिला होता. पडलेले बँकांचे आणि बिल्डरांचे शेअर त्यांनी स्वस्त म्हणून धरले आणि २००८ या एका वर्षात फंड निम्म्याहून खाली आला. एवढ्या जाणकार माणसाचं असं झालं, तर ग्रुपवरच्या मेसेजचं काय सांगावं.

त्याच मंदीत एनव्हीआर नावाची कंपनी एकाही वर्षी तोट्यात गेली नाही. ती जमीन विकत घेऊन साठवत नाही. जमीनमालकाला इसार देऊन ठेवते, गिऱ्हाईक आलं की तेवढाच प्लॉट घेते. मंदी आली, इसार सोडला, बाजूला झाली. ही कंपनी १९९२ मध्ये स्वतः दिवाळखोरीत गेली होती, त्यातून ती हे शिकली. मंदीत तिचा शेअर साडेतीनशे डॉलरच्या आसपास आला होता, २०२४ मध्ये तो ९ हजार डॉलरच्या वर होता.

आपल्याकडंही मुंबईच्या ओबेरॉय रिअल्टीचा आयपीओ ऑक्टोबर २०१० मध्ये २६० ला आला. तेव्हा कंपनीवर कर्ज जवळपास नव्हतं. तरी २०१३ मध्ये शेअर २०० च्या खाली होता. नोटाबंदी, रेरा, जीएसटी, २०१८ मधला कर्जपुरवठ्याचा चटका, सगळं आलं. २०२० मध्ये आपल्या सरकारनं मुद्रांक शुल्क कमी केलं आणि विक्री हलली. २०२४ मध्ये शेअर दीड-दोन हजारांच्या घरात होता. कर्ज नसलेल्या कंपनीतही दहा-बारा वर्षं थांबावं लागलं, हे लक्षात घ्या.

माझे २२ हजार

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २०११ साली सोयाबीनच्या पट्टीतले २२ हजार रुपये एका बिल्डर कंपनीत टाकले होते. नाव सांगत नाही. शेअर वरच्या भावापेक्षा ८० टक्के खाली होता, एवढंच बघितलं. अजून पडला तेव्हा घरात बोललो नाही. सहा वर्षांनी विकला तेव्हा ३ हजारही हातात आले नाहीत. त्या सहा वर्षांत कंपनीवर कर्ज किती, हे मी एकदाही बघितलं नव्हतं.

मोबाइलवर काय तपासायचं

कंपनीचा वार्षिक अहवाल आणि तिमाही आकडे बीएसई आणि एनएसईच्या साइटवर फुकट मिळतात. एवढ्या गोष्टी बघा:

१. कर्ज आणि मालकांचं भांडवल. कर्ज भांडवलापेक्षा जास्त असेल तर मंदीत अशा कंपनीच्या वाटेला जाऊ नका.

२. व्याज. नफ्यातून व्याज सहज भागतंय का? कसंबसं भागत असेल तर एक वाईट वर्ष पुरेसं आहे.

३. हातात आलेला पैसा. कागदावर नफा आणि धंद्यातून येणारी रोख वर्षानुवर्षं उणे, असं असेल तर सावध व्हा.

४. मालकांचे गहाण शेअर. प्रवर्तकांनी स्वतःचे शेअर गहाण टाकलेत का, हे भागधारकांच्या तक्त्यात दिसतं. भाव पडला की सावकार ते विकतो आणि शेअर आणखी आपटतो.

५. ऑडिटरचा शेरा. कंपनी पुढं चालेल की नाही याबद्दल शंका लिहिली असेल तर तिथंच थांबा.

६. कामं वेळेत होतात का. राज्यात १ मे २०१७ पासून महारेरा सुरू आहे. त्यांच्या साइटवर प्रकल्पाचं नाव टाकलं की काम पुरं करायची तारीख, वाढवलेली मुदत आणि विकलेली घरं दिसतात. गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीला आणि बांधकामाला वापरायचे, हा नियमही आहे.

एवढं करूनही सगळा पैसा एकाच कंपनीत नको. पीककर्जाचा, पोरीच्या लग्नाचा, दवाखान्याचा पैसा तर नकोच. दहा वर्षं हात लावायची गरज पडणार नाही तेवढाच टाकायचा. आणि सल्ला देणारा सेबीकडं नोंदलेला आहे का, हे सेबीच्या साइटवर तपासता येतं. 'दहापट' म्हणणारा बहुतेक वेळा तिथं सापडत नाही.

पुतण्याच्या मेसेजमधली कंपनी आम्ही तिथंच बसून उघडली. कर्ज भांडवलाच्या दुप्पट, प्रवर्तकांचे निम्मे शेअर गहाण. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, म्हणजे ह्यांची जमीन आधीच सावकाराकडं आहे." मी म्हटलं, "तसंच समज."

पाच लाख सध्या एफडीत ठेवले आहेत. पुढं काय करायचं ते त्याचं तो ठरवेल, पण आता आधी कर्जाचा आकडा बघेल.

(हा लेख माहितीसाठी आहे. यात आलेल्या कोणत्याही कंपनीचा शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हा सल्ला नाही.)