गाडीचेही एक गाळणे असते

पाणी गाळून पिण्याचा संस्कार आपल्या घरांत मुलांना अक्षरओळखीच्या आधी मिळतो. गाळण्याचे कापड विरलेले तर नाही ना, हे घरातील आजी रोज पाहते. दाराशी उभ्या असलेल्या मोटारीलाही असेच एक गाळणे असते. ते शेवटचे केव्हा पाहिले, असे विचारले तर बहुतेक घरांत उत्तर मिळणार नाही. आमच्याही घरी मिळाले नव्हते.

दुकानाच्या वसुलीसाठी सात वर्षे धावलेली आमची पेट्रोल मोटार गेल्या वर्षी आळसावली. पेडल दाबल्यावर क्षणभर काहीच घडत नसे. घाटात ट्रकला मागे टाकताना तो क्षण जीव टांगणीला लावी. चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. ते म्हणाले, "पप्पा, मूळ एअर बॉक्स काढून उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवू. काम घरीच होईल आणि गाडी पेडलखाली जिवंत होईल." व्यापाऱ्याच्या सवयीने मी विचारले, "नफा किती, आणि तो कशावरून?" चिरंजीवांनी कागद-पेन्सिल घेतली.

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे जवळजवळ ९,००० लिटर हवा. ही सारी हवा कागदी फिल्टरच्या घड्यांतून गाळली जाऊन थ्रॉटल बॉडीच्या झडपेतून इंजिनात शिरते. वाट मोकळी असेल तर इंजिन चटकन प्रतिसाद देते, हे खरे. परंतु दुसरी बाजूही त्याच कागदावर उतरली. हवा जितकी गरम, तितकी विरळ. मूळ नळी बॉनेटच्या पुढच्या कडेहून बाहेरची हवा घेते. उघडा फिल्टर मात्र इंजिनाच्या उष्णतेतच श्वास घेतो. बाहेर ३५ अंश आणि बॉनेटखाली ५५ अंश असतील, तर हवेची घनता सुमारे ६ टक्क्यांनी घटते. शिवाय मूळ डब्याला जोडलेली पोकळ पेटी हवेचा आवाज शोषते. ती काढली की इंजिन गुरगुरते, आणि कानाला ऐकू येणारा जोर पायाला मिळाल्याचा भास होतो. तेल लावलेल्या कापडी फिल्टरचे तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसले, तर मोजमापच चुकते. जमाखर्च मांडल्यावर नफ्याची बाजू फारशी भरेना.

"मग आधी असलेले गाळणे तरी पाहू," असे ठरले. शिखरजीच्या यात्रेहून आम्ही नुकतेच परतलो होतो आणि गाडी पंधरवडाभर जागची हलली नव्हती. डब्याच्या क्लिपा काढून झाकण उचलले, तर फिल्टरच्या खाली चिंध्या आणि सुक्या पानांचे घरटे, आणि त्यात डोळे न उघडलेली उंदराची तीन पिल्ले. चिरंजीवांचा हात थबकला. आईंनी एवढेच सांगितले, "आज गाडी निघणार नाही. झाकण ठेवा आणि दूर व्हा." दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तेव्हा घरटे रिकामे होते, आईने पिल्ले रातोरात हलवली होती. न पाहता किल्ली फिरवली असती तर काय झाले असते, हा विचार आजही अस्वस्थ करतो. जयणा म्हणजे केवळ पाऊल जपून टाकणे नव्हे. बराच काळ उभ्या असलेल्या यंत्राची किल्ली फिरवण्याआधी आत डोकावणे हीसुद्धा जयणाच आहे.

त्यानंतरचे काम साधे होते. फिल्टर धुळीने काळवंडला होता. त्याच मापाचा नवा बसवला. आधुनिक इंजिनात फिल्टर तुंबला तरी संगणक पेट्रोल त्या प्रमाणात कमी करतो. त्यामुळे मायलेज फारसे ढळत नाही आणि दोष लक्षात येत नाही. घटतो तो वेग घेण्याचा जोर. डबा ओल्या फडक्याने पुसला, नळीतील पाने काढली. डबा व थ्रॉटल बॉडी यांना जोडणाऱ्या रबरी नळीची पट्टी सैल होती, ती आवळली. तेथे फट राहिली तर न गाळलेली धूळ थेट इंजिनात जाते. शेवटी इंजिन थंड असताना, किल्ली काढून, थ्रॉटल बॉडीच्या कडेवरची काजळी त्यासाठीच्या क्लीनरने फडके भिजवून पुसली. तिची झडप विजेवर चालते. ती बोटाने ढकलू नये. साफसफाईनंतर थोडा वेळ इंजिनाचा संथ फेरा डळमळतो. संगणक नवी स्थिती शिकला की तो स्थिर होतो.

पुढच्या फेरीत त्याच घाटात गाडीने पेडलला लगेच साद दिली. चिरंजीव प्रामाणिकपणे म्हणाले, "नवी शक्ती आली नाही, पप्पा. हरवलेली परत आली."

पावसाळ्यात या निर्णयाची किंमत कळली. आमच्या परिचितांच्या मुलाने थंड हवेसाठी फिल्टर खाली, बंपरच्या मागे नेला होता. रस्त्यावरच्या गुडघाभर पाण्यातून जाताना इंजिनाने पाणी ओढले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकला. साध्या विमा पॉलिसीत अशी हानी सहसा धरली जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड लागते. त्यातही फेरफार केलेला असल्याने वादाला तोंड फुटले. खर्च घरच्या तिजोरीतून गेला. मुलगा सुखरूप घरी आला, हे भाग्य. पाण्यात गाडी बंद पडल्यास ती पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा. ढकलून कोरड्या जागी न्यावी, हे प्रत्येक चालकाने ध्यानी ठेवावे.

तरुणांच्या हौसेला घरातून नुसता नकार मिळाला, तर ती हौस घराबाहेर वाट शोधते. त्यांच्याशेजारी बसून हिशेब मांडला, तर तीच हौस विद्या होते. आता आमच्या वहीत दुकानाच्या नोंदींबरोबर एक नवी नोंद असते: चातुर्मास बसण्याआधी गाडीचा फिल्टर पाहणे. ती चिरंजीवांच्या हस्ताक्षरात आहे, आणि डबा उघडण्यापूर्वी त्यावर दोनदा हलकेच टकटक करावी, ही त्याखालची ओळ आईंनी सांगून लिहवली आहे.