घरच्या हवेवर नजर ठेवणारे घरगुती यंत्र

फोडणीचा धूर, उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल यांमुळे घरातल्या हवेत सूक्ष्म कणांची भर पडते. दारे-खिडक्या लावून तीन-चार माणसे एका खोलीत झोपली, की उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साठत जातो. या दोन्ही गोष्टी मोजून आकडे मोबाइलवर दाखवणारे यंत्र थोड्या खर्चात घरी जोडता येते. त्यातली जोडणी सोपी असते. खरी कसोटी सेन्सर निवडताना लागते.

यंत्राचा कारभार ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या छोट्या बोर्डाकडे असतो. मोबाइलच्या साध्या चार्जरवर तो चालतो. कण मोजण्यासाठी पीएमएस५००३ किंवा एसडीएस०११ हे सेन्सर वापरले जातात. सेन्सरमधला छोटा पंखा हवा आत ओढतो. तिच्यावर लेझरचा झोत पडला की कणांमुळे प्रकाश विखुरतो आणि त्यावरून कणांची संख्या व आकार ठरतो. कणांचे वजन येथे तोलले जात नाही, ते हिशेबाने काढले जाते. त्यामुळे पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, पाणी शोषून फुगलेले कण आकडा वाढवून दाखवतात. सोबत बीएमई२८० हा तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर असला, तर असे फुगलेले आकडे ओळखता येतात.

कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत फसगत जास्त होते. एमक्यू-१३५ हा सेन्सर अगदी स्वस्त मिळतो आणि शाळा-कॉलेजांच्या प्रकल्पांत सर्रास दिसतो. पण तो अल्कोहोलची वाफ, अमोनिया, धूर अशा अनेक गोष्टींना एकदमच प्रतिसाद देतो. त्याच्या आकड्याला कार्बन डायऑक्साइड म्हणणे चूकच. त्यासाठी अवरक्त किरणांचे शोषण मोजणारा एमएच-झेड१९ किंवा त्याच तोडीचा सेन्सर हवा, मग तो महाग पडला तरी. एमएच-झेड१९ मध्ये आपोआप दुरुस्तीची सोय असते: दिवसभरातली सर्वांत कमी नोंद म्हणजे बाहेरची ताजी हवा, असे तो धरून चालतो. एसी असलेल्या, दारे-खिडक्या सतत बंद राहणाऱ्या खोलीत हे गृहीतकच कोसळते आणि आकडे हळूहळू खाली घसरतात. अशा ठिकाणी ही सोय बंद करून सेन्सर अधूनमधून मोकळ्या हवेत नेऊन जुळवावा लागतो.

पीएमएस५००३ला ५ व्होल्ट वीज लागते, पण त्याच्या संदेशाच्या तारा ३.३ व्होल्टच्या असल्याने त्या बोर्डाला थेट जोडता येतात. ईएसपीहोम हे तयार सॉफ्टवेअर वापरल्यास प्रोग्रॅम लिहिण्याऐवजी काही ओळींची मांडणी पुरते. आकडे घरातल्याच संगणकावर होम असिस्टंट या सॉफ्टवेअरमध्ये साठवता येतात किंवा थिंगस्पीकसारख्या सेवेकडे पाठवता येतात. सेन्सरच्या लेझरचे आयुष्य काही हजार तासांचे असते. दर पाच मिनिटांनी सेन्सर जागा करून अर्धा मिनिट मोजले, तर ते कितीतरी पटींनी वाढते.

यंत्र शेगडीजवळ, पंख्याखाली किंवा उन्हात ठेवू नये. बसलेल्या माणसाच्या नाकाइतकी उंची योग्य. डब्याला भोके हवीत आणि बोर्डाची उष्णता तापमानाच्या सेन्सरपर्यंत पोहोचता कामा नये.

पीएम२.५ या सूक्ष्म कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची २४ तासांची शिफारस दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे; भारताचे २००९ चे मानक ६०. ही दोन्ही मानके दिवसभराच्या सरासरीची आहेत. फोडणी देताना आकडा क्षणभर २०० वर गेला म्हणून घाबरायचे कारण नाही. तो किती वेळात खाली येतो ते पाहावे. खिडकी उघडल्यावर किंवा चिमणी लावल्यावर पडणारा फरक या स्वस्त यंत्रातही स्पष्ट दिसतो.

हे यंत्र कार्बन मोनॉक्साइड किंवा स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखत नाही. गॅस गीझर असलेल्या घरात त्यासाठी प्रमाणित अलार्म वेगळा लावावा आणि न्हाणीघराला वायुवीजन ठेवावे.