मिशनरी जोडप्याचा दिवस: जालना, नगर आणि आसपास

या व्याख्यानमालेत आपण आतापर्यंत मोठ्या घटनांबद्दल बरंच बोललो. आज आम्ही एक लहान वाटणारा प्रश्न घेतला आहे. एकोणिसाव्या शतकात परदेशातून मराठी मुलखात आलेली मिशनरी जोडपी दिवसभर करत काय होती? सकाळी उठल्यावर पहिलं काम कोणतं, दुपारी कुठे असत, पैशाचा हिशेब कसा ठेवत, म्हातारपणी कुठे जात?

हा प्रश्न का घ्यायचा? कारण मिशनऱ्यांबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी सांगितल्या जातात. एका गोष्टीत ते देवदूत असतात, दुसरीत धर्म बुडवायला आलेले कारस्थानी. दोन्हींमध्ये त्यांचा रोजचा दिवस दिसत नाही. आणि दिवस दिसला नाही की त्या दिवसात राबणारी माणसंही दिसत नाहीत. बायका, गडीमाणसं, पंडित, एतद्देशीय पाळक, गावातले नवख्रिस्ती, कुणीच दिसत नाही.

आधी जागा समजून घेऊ. जालना जिल्हा १९८१ साली झाला, पण जालना गाव जुनं. कुंडलिका नदीच्या काठची ही पेठ. याच जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात असई आहे, जिथे १८०३ मध्ये मराठे आणि इंग्रज यांची लढाई झाली. पुढे जालन्याला छावणी बसली. मुलूख निजामाचा, छावणीवर हुकूम इंग्रजांचा. बाजारात मराठी, कचेरीत फारसी आणि नंतर उर्दू, पलटणीत मद्रासकडून आलेले तमिळ-तेलुगू बोलणारे शिपाई. नाणीसुद्धा दोन. निजामाचा हाली रुपया हलका, कंपनीचा आणि पुढे सरकारचा कलदार भारी. आता विचार करा, अशा ठिकाणी शाळा चालवायची तर मास्तरांचा पगार कोणत्या रुपयात द्यायचा, इथपासून डोकं लावावं लागणार.

या जालन्यात १८६०च्या दशकात स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं काम उभं राहिलं, पण ते उभं करणारा माणूस स्कॉटिश नव्हता. ते होते रेव्हरंड नारायण शेषाद्री. ब्राह्मण घरातले, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. त्यांच्या धाकट्या भावाचं, श्रीपतचं, प्रकरण त्या वर्षी मुंबईत फार गाजलं. कोर्टानं अल्पवयीन श्रीपतला वडिलांच्या ताब्यात दिलं आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावं की नाही यावरून वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूनं उभे राहिले आणि त्याबद्दल त्यांना बराच त्रास सोसावा लागला.

नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत वसवली. बेथेल म्हणजे हिब्रू भाषेत देवाचं घर. जमीन मिळाली ती निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून. म्हणजे मुसलमान दरबारानं एका ब्राह्मण-ख्रिस्ती माणसाला जमीन दिली आणि तिथे प्रामुख्यानं मांग समाजातली कुटुंबं राहायला आली. जमीन कशाला हवी होती? बलुतेदारीच्या गावात मांगाचं काम ठरलेलं: दोर वळायचे, वाजंत्री करायची, देवाच्या सणावाराला ठरलेली सेवा द्यायची. त्याबद्दल धान्य मिळायचं. धर्म बदलला की देवाची सेवा सुटली, सेवा सुटली की बलुतं धोक्यात आलं, बलुतं गेलं की चूल बंद. नुसता उपदेश करून हा प्रश्न सुटत नव्हता. विहीर, शेत, शाळा, हाताचं काम हे सगळं लागत होतं. मिशनच्या दिवसात प्रार्थनेइतकाच वेळ विहिरीच्या खोदाईला आणि बैलांच्या खरेदीला का जायचा, त्याचं कारण हे आहे.

आता त्या दिवसाकडे येऊ. जालना, नगर, पुणे या सगळ्या ठाण्यांवर दिवस साधारण एकाच साच्यात बसलेला होता, कारण हवामान एकच. आणि खरं तर दिवसापेक्षा वर्ष आधी बघायला हवं. वर्षाचे तीन तुकडे पडत.

हिवाळा फिरतीचा. पिकं निघायला लागली, ओढे उतरले, की तंबू, भांडी, औषधांची पेटी, विकायची पुस्तकं बैलगाडीत घालून जोडपं गावोगाव निघायचं. बैलगाडी तासाला तीन किलोमीटर चालली तर बरी म्हणायची. औरंगाबाद ते जालना साठेक किलोमीटर, म्हणजे वीस तासांचा हलता प्रवास. मनमाडहून निघालेली रेल्वे जालन्यापर्यंत आली ती १९०० साली. तोपर्यंत आजारी माणसाला मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं झालं तरी हाच हिशेब.

उन्हाळ्यात काम पहाटे उरकायचं. दहा वाजले की दारं-खिडक्या बंद, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचं, आत बसून लिहायचं. ज्यांना जमे ते महाबळेश्वरला जात. पावसाळा मात्र ठाण्यावरचा. काळ्या मातीत गाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं, त्यामुळे फिरती बंद. मग शाळा, भाषांतर, छपाईचे कागद तपासणं, पाळक होऊ घातलेल्या तरुणांना शिकवणं.

सकाळी घरातली उपासना. ती मराठीत, म्हणजे गडीमाणसं आणि बोर्डिंगची मुलं बसू शकतील अशी. मग पंडित यायचे. नव्यानं आलेल्या माणसाचे भाषेवर निदान एक-दोन वर्षं तरी जात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये. हा कोश आज आपण वापरतो तो याच गरजेतून वाढला. पण कोशात सगळं नव्हतं. बोलण्यातलं मराठी बाजारात आणि स्वयंपाकघरात शिकावं लागे, आणि तिथे नवऱ्यापेक्षा बायको पुढे असायची.

बाई दिवसभर काय करत होती? मुलींची शाळा, शिवण, बोर्डिंगचा कोठीघर-हिशेब, आजारी बायकांना औषध, नवख्रिस्ती बायकांचा वर्ग, शिवाय स्वतःचं घर आणि मुलं. आणि कागदावर तिची नोंद कशी? नगरला काम करणाऱ्या अमेरिकन मिशनच्या यादीत नवरा ‘मिशनरी’ आणि बायको ‘सहायक मिशनरी’. पुष्कळदा तिचं स्वतःचं नावही नाही, नुसतं अमक्याची पत्नी. गंमत बघा, सिंथिया फरार या अविवाहित होत्या. १८२७ मध्ये त्या आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली होती आणि मग १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, म्हणून तर ते नाव आपल्या पाठ्यपुस्तकापर्यंत आलं. त्याच नगरात तेच काम करणाऱ्या एलिझाबेथ बॅलंटाइन यांचं नाव किती जणांनी ऐकलंय? त्या रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन यांच्या पत्नी. एकट्या बाईचं काम तिच्या नावावर जमा झालं, संसारी बाईचं काम नवऱ्याच्या खात्यात गेलं. आपल्या घरच्या शेतात राबणाऱ्या बाईचं नाव सात-बारावर नसतं, त्यातलाच हा प्रकार.

‘ज्येष्ठ मिशनरी जोडपं’ म्हटलं की आज वेगळं चित्र उभं राहतं. आज काही ख्रिस्ती पंथांत नोकरीतून निवृत्त झालेली, मुलंबाळं मार्गी लागलेली जोडपी स्वतःच्या खर्चानं वर्ष-दोन वर्षांसाठी परदेशी सेवेला जातात आणि परत येतात. त्या काळी उलट होतं. माणसं पंचविशीत यायची आणि जी जगली तीच ज्येष्ठ व्हायची. गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या फिरतीवर पटकीनं गेले. मार्गारेट विल्सन नवऱ्याबरोबर १८२९ मध्ये मुंबईत आल्या, मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि १८३५ मध्ये वारल्या. त्यांचे पती जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीवर आहे, ते मात्र १८७५ पर्यंत मुंबईत राहिले. पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं आणि त्या पत्नीही त्यांच्याआधी गेल्या. म्हणजे आपण ज्याला ‘जोडप्याचं दीर्घ सेवाजीवन’ म्हणतो, ते पुष्कळदा एका पुरुषाचं आणि दोन बायकांचं आयुष्य असायचं.

आणि मुलं? सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी आफ्रिकेला वळसा घालून यायला चार-पाच महिने लागत. शिक्षणासाठी मुलं सात-आठ वर्षांची झाली की मायदेशी पाठवायची रीत होती. आई-बाप इथे, मुलं तिकडे, मध्ये पत्र. पत्र पोचेपर्यंत मुलाचा आजार बरा झालेला असे, नाहीतर मूल गेलेलं असे. दुसऱ्यांच्या मुलांना दिवसभर शिकवायचं आणि आपली मुलं परक्याच्या घरी वाढवायची, हा पेच त्या बंगल्यात रोजचा होता. त्यागाच्या गौरवगीतात तो सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो त्या मुलांना न विचारता घेतलेला निर्णय होता.

तरीही त्यांतली पुष्कळ मुलं मोठेपणी परत आली. रॉबर्ट ॲलन ह्यूम १८४७ मध्ये मुंबईत जन्मले, वडील परतीच्या समुद्रप्रवासात वारले, आणि मुलगा १८७४ मध्ये नगरला येऊन पन्नासेक वर्षं राहिला. त्यांच्या दुसऱ्या पत्नी केटी या सॅम्युअल फेअरबँक यांच्या कन्या, आणि फेअरबँक यांचं लग्न बॅलंटाइन घराण्यात झालेलं. म्हणजे तीन पिढ्यांत नगर जिल्ह्यात एक सोयरिकीचं जाळंच तयार झालं.

हे सॅम्युअल फेअरबँक नेवाशाजवळच्या वडाळ्याला राहायचे. फिरतीत पक्षी आणि गोगलगायी गोळा करायचा त्यांना नाद. दक्षिणेतल्या पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही ‘फेअरबँकी’ आहे. १८४६ मध्ये आलेला हा माणूस १८९८ मध्ये वारला. बावन्न वर्षं! अशा माणसाचं ‘घर’ कोणतं म्हणायचं? मायदेशी त्यांना ओळखणारं कुणी उरलेलं नसे, आणि इथे ते कायम ‘साहेब’च.

म्हातारपणीचा दिवस वेगळा. फिरती कमी, माणसं जास्त. व्हरांड्यात सकाळपासून लोक बसलेले. कुणाला नोकरीसाठी चिठ्ठी हवी, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, कुणाला सावकारानं धरलंय. १८७६ ते ७८चा दुष्काळ, १८९६-९७चा, मग लगेच १८९९-१९००चा, जो ‘छपन्नचा दुष्काळ’ म्हणून लक्षात राहिला, या काळात तर सगळी कामं बाजूला पडून धान्य, अनाथ मुलं आणि मजुरीची कामं एवढंच उरलं. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्याच्या हातात धान्य आहे त्याच्याच हातात बायबल आहे, अशा वेळी पोटासाठी येणं कोणतं आणि मनानं येणं कोणतं, हे वेगळं काढता येत नाही. तेव्हाच्या टीकाकारांनी हाच प्रश्न विचारला, आणि तो चूक नव्हता. पण मेलेल्या बलुत्याच्या गावात त्या माणसाला आधी कुणी काय दिलं होतं, हा उलटा प्रश्नही तितकाच खरा.

दुसरी असमानता बंगल्याच्या कंपाउंडमध्येच होती. परदेशी मिशनऱ्याचा पगार आणि एतद्देशीय पाळकाचा पगार यांत फार अंतर असे. निर्णय घेणाऱ्या मंडळात बसायचं कुणी, यातही. याचं आतलं चित्र पाहायचं तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई पाच वर्षांनी. संसार नगर-राहुरीकडे, घरात पैसा टिकत नाही, दारात पाहुणे संपत नाहीत. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. परदेशी मिशनचा आधार नसलेला, आपल्या मातीतला ख्रिस्ती मार्ग त्यांना हवा होता. परदेशी बाईंनी घरी पाठवलेली पत्रं छापली गेली, जपली गेली. पण त्याच आवारात राहणाऱ्या मराठी बाईनं आपलं जगणं लिहिलं ते लक्ष्मीबाईंनी, आणि ते आपलं भाग्य. बाकीच्या शेकडो बायका न लिहिता गेल्या.

म्हणून शेवटी एक विनंती. बेथेलसारख्या वसाहतीचा इतिहास आम्हाला आज जास्त करून मिशनच्या बाजूनं कळतो. नारायण शेषाद्री १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत पागोटं घालून बोलले, १८९१ मध्ये परदेश प्रवासात वारले, हे कळतं. पण बेथेलच्या पहिल्या विहिरीला कुणी हात लावला, पहिल्या शाळेत कोणत्या घरच्या मुली बसल्या, गाव सोडून आलेल्या बाईला मागे राहिलेली आई पुन्हा भेटली का, हे त्या कुटुंबांच्या बोलण्यातच असणार. बाप्तिस्म्याची वही, शाळेचं जुनं हजेरीपत्रक, कबरीवरची अक्षरं, आजीनं सांगितलेलं एखादं नाव, हे सगळं पुरावाच आहे. जालना, नगर, औरंगाबाद भागातले विद्यार्थी इथे बसले असतील तर त्यांनी एका सुट्टीत एका घरी जावं आणि ऐकून तारखेसकट लिहून ठेवावं. वाळवीला कुणाची आज्ञा लागत नाही. आपण उशीर केला की तिचं काम ती करतेच.